उजव्या कानातली हिराआत्या

संपादकबाईंचा फोन आला, "तुमच्या व्यवसायाच्या प्रवासाबद्दल लिहा." प्रवास कसला डोंबलाचा! मी राहते डोंबिवली पूर्वेला, माझा गाळा होता डोंबिवली पूर्वेलाच, आणि दोन्हींच्या मधे एक भाजीबाजार. प्रवासात काय मिळवलं म्हणाल तर कोथिंबिरीच्या जुड्या.

धंदा सांगते. लोकांच्या माळ्यावर लग्नामुंजीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी पडलेल्या असतात. त्या मी कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये घालून द्यायचे. त्याआधी त्याच गाळ्यात कॉम्प्युटर क्लास होता. पुढे पोरं आईच्या पोटातूनच मोबाइल शिकून यायला लागली, क्लास बसला. कॉम्प्युटर होते, धूळ खाणारा व्हीसीआर होता, म्हटलं चला. आता गुडघ्यांनी जिना चढायला साफ नकार दिलाय म्हणून गाळा बंद आहे, नाहीतर मी काही निवृत्त होणाऱ्यातली नव्हे.

या धंद्यात शॉर्टकट नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, कारण ती व्हीसीआरमध्ये पूर्ण चालवावी लागते. म्हणजे मी अनोळखी लोकांच्या लग्नाला सक्तीने बसलेली बाई. ना आहेर, ना जेवण. प्रत्येक लग्नात कॅमेऱ्याकडे बघून टाय सरळ करणारा एक मामा असतो, रुसलेली एक आत्या असते आणि बासुंदी पिताना नेमकी पकडली गेलेली एक मावशी असते. माणसं बदलतात, बासुंदी तीच.

उतरवलेलं सगळं नीट आलंय का, हे मी फुकटात मिळणाऱ्या एका व्हिडिओ प्लेयरवर बघायचे. तमाम जनता त्यातली तीनच बटणं वापरते: चालू, बंद आणि आवाज. मीही त्यातलीच. एकदा एका मुंजीची फाइल चालू असताना मी कीबोर्डवर फडकं मारलं आणि बटू हत्तीएवढा रुंद झाला. पुन्हा पुसलं, तर गुरुजी कार्टूनमधल्या खारीसारखे चिरकत मंत्र म्हणायला लागले. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा चित्र थिजलं आणि एकेक की दाबली की मुंगीच्या पावलाने पुढे सरकायला लागलं. आधी मी घाबरले, मग मला चेव चढला. त्या दिवशी मी कीबोर्डवरची प्रत्येक की दाबून काय होतं ते पाहिलं. लोक परदेशात जाऊन कोर्स करतात, मी फडकं मारून शिकले.

काय काय निघालं म्हणून सांगू! वेग कमीजास्त करता येतो. ओठ आधी आणि आवाज मागून येत असेल तर आवाज पुढेमागे ओढता येतो. आडवं चित्र उभं करता येतं. हे सगळं त्यात पहिल्यापासून होतं, मेनूच्या पोटात बसलेलं. घरातल्या सुनेला काय काय येतं हे कुणी विचारतच नाही, तसं.

टिटवाळ्याहून एक काका आलेले, गळ्यात मानेचा पट्टा. नातवाच्या बारशाचा व्हिडिओ जावयाने फोन आडवातिडवा धरून काढलेला, पाळणा भिंतीवर उभा. काका रोज संध्याकाळी मान खांद्यावर टाकून तो बघायचे. मी चित्र फिरवून सरळ केलं. काका मान सरळ करून दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मग त्या डॉक्टरने मला पट्टा कशाला दिला?"

दुसरे एक गृहस्थ, कल्याणचे. त्यांचा मेहुण्यावर त्या मेहुण्याच्याच लग्नापासूनचा राग, की "मला पंगतीत कुणी बसाच म्हटलं नाही, मी उपाशी घरी गेलो." या एका वाक्यावर दोन घरांचं जाणंयेणं बंद. बायको बिचारी कॅसेट घेऊन आलेली, सोबत नवरोबा. मी पंगतीचा भाग एकेक चित्र पुढे सरकवत नेला. खांबामागे, वाढप्याच्या कोपराखालून, गृहस्थ दिसले. तोंडात अख्खी पुरी, मिशीला श्रीखंड. मी चित्र तिथेच थांबवलं. बायकोने चष्मा पुसून पुन्हा लावला आणि नवऱ्याकडे वळून बघितलं. गृहस्थ म्हणाले, "ती दुसरी पंगत. मी पहिलीबद्दल बोलतोय." अशा माणसाला कुठलंही बटण पुरं पडत नाही.

पण मला लिहायचंय ते दर्शनाबद्दल. ही ठाण्याजवळच्या बाळकुम गावची मुलगी, तिशी ओलांडलेली, ठाण्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघणारी. एक दिवस ती एका म्हातारीला घेऊन जिना चढून आली. म्हातारीने काष्ट्याचं हिरवं लुगडं नेसलेलं आणि गळ्याभोवती रुमाल बांधलेला. ही तिची हिराआत्या. आत्याने गाळा नजरेने मोजला, खुर्ची पुसून घेतली आणि बसली.

"मॅडम, आत्याचं गळ्याचं ऑपरेशन झालंय, आवाज गेलाय तिचा," दर्शना म्हणाली. "म्हणून मीच बोलते. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा चान्स मिळालाय." आत्याने तिच्या मांडीवर चापट मारली.

हिराआत्या धवलारीण. डोंबिवलीच्या माझ्यासारख्या बाईला हे माहीत असायचं कारण नव्हतं, दर्शनाने समजावलं. आगरी लग्नात हळदीपासून एकेक विधी गाण्यांनी लावणारी जी बाई, ती धवलारीण, आणि तिची गाणी म्हणजे धवले. भटजी नंतर, आधी ही. आत्याने अर्ध्या बाळकुमची लग्नं लावलेली. आता दर्शनाच्या धाकट्या भावाचं, निलेशचं लग्न ठरलेलं, मुलगी कळव्याची. आणि घरातले मोठे काका म्हणालेले, "हिरूचा आवाज गेला, आता कनाला पायजे धवले? डीजे लावा."

"मी म्हटलं, मी गाते," दर्शना म्हणाली. "काका म्हणाले, बघू एकदा. जमलं नाय तर या घरात पुन्हा नाव काढायचं नाय. आणि मॅडम, आमच्या घरात बंद झालं ना, की गावात संपलं. आत्याच्या मागे दुसरं कोणीच नाही."

"मग गा की! अडलंय कुठे?"

अडलेलं एका गाण्यावर. बाकीची गाणी दर्शनाला आत्याच्या मागे मागे फिरून येत होती. देवांना लग्नाचं आवतण देण्याचं जे मोठं गाणं, ते येत नव्हतं, आणि ते नाही म्हणजे काहीच नाही. कारण ते मांडवातच गायचं असा आत्याचा नियम. मांडव नसताना गायलं तर देव उठून येतात आणि बघतात तर काय, ना हळद ना नवरा. मग त्यांचा अपमान होतो. त्यामुळे आत्याने ते घरी कधी शिकवलंच नाही. मांडवात ऐकून ऐकून यायचं ते यायचं. आणि मांडवात दर्शना काय करत होती? "मेंदी काढत होते, सेल्फी काढत होते. मला काय माहीत आत्याचा गळा असा बंद पडेल?" हे बोलताना तिचा आवाज फाटला. आत्याने खिडकीबाहेर बघितलं.

त्यांच्याकडे एकच आशा होती, ती म्हणजे दर्शनाच्या आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट. वडील, बाळाराम, म्हणजे आत्याचा सख्खा भाऊ. ते आता नाहीत. त्या लग्नात आत्या गायलेली.

मी कॅसेट साफ केली, उतरवायला लावली. हळदीचा मांडव आला. आत्या आली, तरणीताठी, नाकात नथ, तोंड उघडून गाणारी. आणि आवाज कुणाचा? एका हिंदी सिनेमातल्या नायकाचा! प्रेयसी सोडून गेल्यावर म्हणायचं रडकं गाणं, ते हळदीवर लावलेलं. त्या काळी ही फॅशनच होती. शूटिंग झालं की मिक्सिंगवाला वरून आपल्या आवडीची गाणी लावायचा. लग्न कुणाचंही असो, आवड त्याची. तो मिक्सिंगवाला मला त्या क्षणी भेटला असता तर मी त्याच्याच वायरने त्याला बांधलं असतं.

दर्शनाने डोकं टेबलावर टेकलं. "संपलं," ती म्हणाली. आत्याचा चेहरा दगडासारखा. मलाच इतकं वाईट वाटलं की मी चहा मागवते असं पुटपुटले आणि मागवलाच नाही.

मग मला वाटलं, मेनूच्या पोटात अजून काही असेल तर? आवाजाच्या मेनूत सगळ्यात खाली डावं-उजवं असं एक कलम आहे. स्टीरिओ म्हणजे दोन कानांचे दोन वेगळे आवाज, त्यातला मोठा दुसऱ्याला पार दडपून टाकतो. ते कलम वापरलं की एकाच कानाचा आवाज दोन्हीकडे ऐकू येतो. मी आधी कधी ते कामाला लावलं नव्हतं. डावं दाबलं, नायक जास्तच रडायला लागला. उजवं दाबलं.

नायक गेला. खरखर आली, भांड्यांचे आवाज आले, कुणाचं तरी पोर रडलं. आणि मग एक खणखणीत बाईचा आवाज: "ए लायटीवाल्या, सर ना बाजूला! देवांना नवरा दिसू दे की रं!"

आणि त्याच श्वासात गाणं पुढे सुरू.

मिक्सिंगवाला आळशी होता हो! एका कानात गाणं भरून त्याने काम उरकलं, दुसऱ्या कानातला मांडव तसाच सोडला. देव त्याच्या आळसाचं भलं करो. दर्शना किंचाळली. आत्याने मात्र दोन्ही हात तोंडावर धरले आणि डोळे मिटून घेतले. आपलाच आवाज असा परक्या गाळ्यात ऐकायची वेळ माझ्यावर आली असती तर मी काय केलं असतं कोण जाणे. किती कॅसेटींमध्ये अशा बायका उजव्या कानात गात राहिल्या असतील आणि मी त्यांच्यावरचं रडगाणं तसंच पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं असेल, हा विचार मला अजून टोचतो.

आता शिकणं. इथे मी फॉर्मात आले. प्लेयरला सांगता येतं, की इथे ए खूण, इथे बी खूण, मधला तुकडा फिरवत राहा. मी दोन ओळींना खुणा लावल्या, वेग कमी केला आणि ऐटीत मागे टेकले. तुकडा फिरायला लागला. दर्शना मागून म्हणायला लागली. आणि आत्याने टेबलावर अशी थाप मारली की माउस खाली पडला.

"काय झालं?"

आत्या स्क्रीनकडे बोट करे, मग छताकडे, मग दाराकडे, मग कपाळाला हात लावी. दर्शनाचा रंग उतरला. "मॅडम, ती म्हणतेय मांडव कुठाय? तुम्ही देवांना बोलावताय. परत परत बोलावताय. बाळकुमहून डोंबिवलीला. ते येऊन उभे असतील."

मी काही देवाधर्मातली नाही. गणपतीतसुद्धा माझं लक्ष मोदकांवर असतं. म्हटलं, "अगं, हे रेकॉर्डिंग आहे, देवांना एवढं कळत असेल!" दर्शनाने हे आत्याला सांगायची गरज नव्हती, आत्याचे कान शाबूत होते. तिने पिशवी उचलली आणि दाराकडे निघाली. दर्शना मधे उभी. "आत्या, प्लीज. लग्न तोंडावर आलंय गं. एवढं एकदा." आत्या मान हलवी. दोघींच्या डोळ्यांत पाणी, आणि दोघी सारख्याच हट्टी.

शेवटी मी ओरडले, "बसा दोघी! मांडव पाहिजे ना? मांडव घालू!"

माझ्या गाळ्यात दोन मॉप होते. तिसरा खांब पडद्याची काठी, चौथा कॅमेऱ्याचं स्टँड. वर माझी जुनी गढवाल साडी, पंख्याला अडकू नये म्हणून चिमटे लावून. आत्या कमरेवर हात ठेवून सगळं बघत होती. एक मॉप तिने उलटा करून घेतला, फडकं वर नको म्हणून. मग दर्शनाला खाली पिटाळलं. ती बाजारातून आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे, नारळ आणि हळद घेऊन आली. टाळे मॉनिटरला बांधले. हळदीचं बोट कीबोर्डला लागलं, मलाही लागलं. नवरा कुठाय असं मी विचारलं तर आत्याने स्क्रीनकडे बोट केलं. तिथे बाळाराम बसलेला, पाटावर, पिवळाधम्मक, लाजून लाल. तिचा धाकटा भाऊ. हळदही होती, नवराही होता. आत्याने मान डोलावली: आता चालू कर.

पुढचे काही दिवस रोज दुपारी ऑफिसला दांडी मारून दर्शना यायची, आत्या यायची आणि आम्ही मॉपच्या मांडवात बसायचो. एक गिऱ्हाईक पेनड्राइव्ह न्यायला आलं, चपला बाहेर काढून आत आलं आणि मॉनिटरला नमस्कार करून गेलं. तेव्हा स्क्रीनवर वाढपी थांबलेला होता. म्हटलं, होईल त्याचंही भलं.

तुकडा फिरत राही. दर्शना म्हणे, आत्या तिच्या मांडीवर ताल धरे, चुकलं की चिमटा काढे. सगळे गावदेव, खाडीचे देव, मिठागरांच्या बांधावरचे देव, एकेकाला नावाने बोलावणं. देव संपले की शेवटी घरातली गेलेली माणसं. पणजा, आजा, लहानपणी गेलेला एक काका. पितरांनाही आवतण. तिथे कॅसेटवरचं गाणं संपायचं आणि वाढप्यांची पळापळ सुरू व्हायची.

हळदीला मला आवतण होतं. बाळकुमला गेलेले तर चारी बाजूंनी टॉवर आणि मधे मांडव, खरा. उंबराची फांदी, टाळे, हळदीचा वास. डीजेवाला एका बाजूला स्पीकर लावून तयारच. त्याच्या शेजारी मोठे काका, हाताची घडी घालून. सगळ्या गावासमोर पोरीची फजिती होणार अशी मलाच भीती.

दर्शनाने सुरुवात केली. आवाज थरथरला, मग सुरात लागला. एक गोष्ट मात्र मी विसरलेले. तिला मी हळू वेगावर शिकवलेलं. अख्खं गाणं ती त्याच संथ चालीवर म्हणत होती! एकेक देव सावकाश, बस चुकल्यासारखा येत होता. भटजी घड्याळ बघायला लागले. पण मांडवातल्या म्हाताऱ्या हळूहळू पुढे सरकल्या. एक म्हणाली, "हिरूचाच गला हाय गो!" काकांची घडी सुटली.

देव संपले. पणजा झाला, आजा झाला, लहानपणी गेलेला काका झाला. आणि दर्शना थांबली. कॅसेट तिथेच संपत होती ना. पण मांडवातली एकही बाई उठली नाही. सगळ्या वाट बघत होत्या. आणि मला लख्ख कळलं, कसली ते. कॅसेटनंतर या घरातलं एक माणूस गेलं होतं. त्याच्या पोराची हळद होती आणि त्याला अजून कुणी बोलावलं नव्हतं. ते नाव ना डाव्या कानात होतं, ना उजव्या.

डीजेवाल्याने काकांकडे बघितलं. दर्शनाने आत्याकडे बघितलं. आत्याने ना ताल दिला ना चिमटा काढला. हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

दर्शनाने श्वास घेतला आणि त्याच चालीत, तिने कधीच न ऐकलेली ओळ म्हटली. "बाळाराम बाबा, तुमच्या निलेशच्या हळदीला या." पाटावरचा निलेश ढसाढसा रडायला लागला. मोठे काका तोंड फिरवून उभे राहिले, आणि पाठ तशीच ठेवून डीजेवाल्याला म्हणाले, "ए, त्या वायरी काढ. सकाली बघू." मी? मीही रडले. देव आले की नाही मला ठाऊक नाही, पण बाळाराम आला असणार, मी त्याला ओळखते.

पंगती उठल्यावर आम्ही तिघी मांडवातच टेकलो होतो. आत्याने दर्शनाचा हात धरला. त्याची एकेक बोटं मोजून दाखवायला लागली: हा पणजा, हा आजा, हा काका, हा बाळाराम. मग पुढचं बोट धरून तिने ते स्वतःच्या छातीवर आपटलं, दोनदा.

"आत्या, गप गं!" दर्शना ओरडली. "काय पण बोलतेस!"

बोलत कुठे होती बिचारी. ती खांदे गदागदा हलवून हसत होती. मग तिने पोरीच्या मांडीवर ताल धरला, चांगला जलद, म्हणजे मी लावलेली खोड मोडायला. मांडव अजून उभा होता, तेव्हा म्हणायला हरकत नव्हती. दर्शनाने पणज्यापासून सुरुवात केली आणि या वेळी झरझर बाळारामपर्यंत आली. आत्या पुढचं बोट वर धरून थांबली, हलवून दाखवलं, चिमटाही काढला. पण त्या बोटाचं नाव काही केल्या पोरीने घेतलं नाही.